कोल्हापूरकर मित्राकडे जेवून आलो, आता त्यांना काय खायला घालू?

बडगीवाला

मंडळी, नमस्कार. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावर एकमत होईना म्हणून इथे टाकतोय.

ऑफिसातला माझा जुना मित्र मूळचा कोल्हापूरचा, आता इथे पुण्यात धायरीत राहतो. दिवाळी झाल्यावर त्याने आम्हाला सहकुटुंब जेवायला बोलावलं. सहकुटुंब म्हणजे मी, बायको, दोन्ही पोरं आणि जळगावहून आलेले आई-वडील. रांधलं त्याच्या वडिलांनी. काका सकाळी स्वतः जाऊन मटण घेऊन आले आणि दुपारपासून पातेल्यापाशीच होते. आधी पोरांना वाटीत अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी. मग तांबडा, पांढरा, सुकं, दहीकांदा, आणि भाताला आजऱ्याचा घनसाळ. माझी आई मटणाला शिवत नाही. तिच्यासाठी वेगळ्या भांड्यांत अख्खा मसूर, भाकरी आणि ताक होतं. मित्राने आदल्या आठवड्यात गप्पांच्या ओघात 'आई काय खातात रे?' एवढंच विचारलं होतं, मी विसरूनही गेलो होतो. निघताना स्टीलच्या डब्यात तांबडा रस्सा आणि बरणीभर घरची चटणी.

आता त्यांना बोलवायचंय. मी असा मेसेज लिहून ठेवलाय:

'आपल्या कुटुंबाने केलेल्या प्रेमळ आदरातिथ्याबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. आपणही सहकुटुंब आमच्या घरी भोजनास येऊन आम्हांस उपकृत करावे, ही विनंती.'

बायको वाचून हसली. ती म्हणते 'या ना एकदा आमच्याकडे' एवढं पुरे. मला ते फारच मोघम वाटतं.

दुसरं म्हणजे, खायला काय घालायचं? आई घरात असेपर्यंत मटण शिजणार नाही. माझ्या मनात भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आहे. पण इतक्या मटणाच्या बदल्यात वांगं? बरं दिसेल का?

रंकाळाकाठ

भावा, एवढा कशाला विचार करालायस? पहिलं ते पत्र फाडून टाक. हे वाचून तो फोन करून विचारेल, 'घरात सगळं बरं हाय न्हवं?'

आणि मटण करू नकोस, आई असू दे नाहीतर नसू दे. कोल्हापूरकराला दुसऱ्याच्या घरी मटण खायला घालणं म्हणजे घालणाऱ्याची परीक्षा. तो बिचारा गप खाईल, 'झकास झालंय' म्हणेल, आणि घरी जाताना गाडीत काका हळूच म्हणतील, 'पांढऱ्यात खसखस कमी पडली.' आमच्यात हा विषय किती नाजूक आहे ते २०१९ च्या हिवाळ्यात सगळ्यांनी बघितलंय. मटणाचा दर वाढला म्हणून कृती समिती झाली, आंदोलनं झाली. अशा माणसांपुढे तू पुण्यातलं मटण ठेवणार?

वांगं आम्हाला परकं नाही. कृष्णाकाठच्या वांग्यांवर आमच्याकडे जीव टाकणारी माणसं आहेत. पण ती भरून किंवा रश्शात. भाजून, बडवून केलेलं तुमचं ते हिरवं भरीत काकांनी बहुतेक खाल्लेलं नसेल. तेच घाल.

हिशोबनीस

मला मूळ प्रश्नच पटला नाही. त्याने प्रेमाने बोलावलं, तुम्ही गेलात, विषय संपला. लगेच 'आता आपण काय द्यायचं' कशाला? लग्नात आलेल्या आहेराची वही काढून बसल्यासारखं झालं हे. मैत्री आहे ना? पुढे कधीतरी होईलच जेवण.

चारुमावशी

हिशोबनीस, 'कधीतरी' होत नाही हो. चाळीस वर्षं संसार केल्यावर सांगते.

आमच्या ओळखीत एक जोडपं होतं, दरवेळी आम्हीच त्यांच्याकडे. तिचा हात चांगला, घर मोठं, 'तुम्ही कशाला त्रास घेता, इकडेच या' असं म्हणायची. तिचं मन खरंच मोठं होतं. पण तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर आमच्या सासूबाईंचा पाय उचलेना. 'सारखं काय त्यांच्याकडे जेवायचं' म्हणून त्या काहीतरी कारण काढायच्या. शेवटी जाणंच कमी झालं. बोलावणारी आम्ही खातो म्हणून खूश होती, खाणारे अवघडले होते. समोरच्यालाही पाहुणा व्हायला मिळालं पाहिजे. आयतं पानावर बसायला कुणाला आवडत नाही? विशेषतः जे काका दिवसभर पातेल्यापाशी उभे होते, त्यांना तरी बसवा एकदा.

आणि मेसेज-बिसेज राहू दे. आधी फोन कर. मित्राला नाही, काकांना. ज्याने रांधलं त्याला सांगायचं असतं, आणि नुसतं 'छान होतं' असं नाही. काय आवडलं त्याचं नाव घे. धाकट्याने अळणी दुसऱ्यांदा मागून घेतली असेल तर तेच सांग.

बडगीवाला

मावशी, अगदी असंच झालंय. धाकटा अजून 'ते पिवळं सूप' मागतोय.

चारुमावशी

मग हेच सांग. काका चार लोकांना सांगतील ते. आणि तुझ्या वडिलांनाही दोन मिनिटं फोनवर बोलायला लाव. वडीलधाऱ्यांचं बोलावणं वडीलधाऱ्यांकडून गेलं की त्याला वेगळं वजन येतं.

डबा धुऊन तसाच परत करू नकोस, हे सांगायला नको.

बडोदेकरीण

डब्यावरून आठवलं. इथे बडोद्यात आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे. आमची वाटी त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे, वर्षानुवर्षं चाललंय, आणि कुठलीच वाटी रिकामी परत जात नाही. पण त्यांना जेवायला बोलवायचं तर वेगळी तयारी. सूर्यास्ताच्या आत पानं वाढायची. कांदा-लसूण तर नाहीच, बटाटा, गाजर, मुळा, बीट काहीच नाही. आलंसुद्धा चालत नाही, सुंठ चालते. पर्युषणात हिरवी भाजीही नको. पहिल्यांदा मी घाबरले होते. मग मेथीचं वरण, तुरीच्या दाण्यांची आमटी, कच्च्या केळ्याची भाजी, पुरणपोळी असं केलं आणि साडेपाचला पानं मांडली. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, म्हणून सरळ रविवारचं दुपारचं जेवण ठेवणं जास्त सोपं, हे नंतर लक्षात आलं.

सांगायचं एवढंच की आमंत्रण देण्याआधी त्यांच्या घरच्या वारांची चौकशी करून घ्या. मित्राने तुमच्या आईची केली तशीच.

रंकाळाकाठ

वारांचा मुद्दा बरोबर. कोल्हापूरकराचे मटणाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात. मंगळवारी काही घरांत अंबाबाईचा उपवास. म्हणजे वांगं वाढायचं असेल तर चुकूनही रविवारी बोलवू नको. रविवारी पानात वांगं बघून तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पण मनात हळहळतील. शनिवारी बोलाव. तसंही त्या दिवशी मटण नसतंच, म्हणजे तुझ्या भरताला स्पर्धाच नाही. रविवारी सकाळी उशिरा उठायला मोकळे.

कुडाळचो

आमच्याकडे आमंत्रण असं नसतंच. 'शनिवारी रात्री येवा, बांगडे हाडतंय' इतकंच. वार आला, वेळ आली, काय असणार तेही आलं. 'या कधीतरी' म्हटलं तर समोरचा समजतो की हे बोलायचं म्हणून बोलतायत.

चुलीपुढची

सगळा धागा वाचला. एक शंका. बोलावणार तुम्ही, मेसेज तुमचा, मित्र तुमचा. रांधणार कोण? कारण 'आम्ही त्यांना बोलवायचं ठरवलंय' या वाक्यातला 'आम्ही' बहुतेक घरांत ओट्यापाशी एकटाच उभा असतो.

बडगीवाला

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे भरीत हे मुळात पुरुषांचं काम. शेतात भरीत पार्टी असते तेव्हा कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजणं, सोलणं, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात कुटणं, फोडणी देणं, सगळं गडीमाणसंच करतात. आयडी उगाच नाही घेतला. बडगी जळगावहून आणलेली घरी आहे, वांगी भाजणं आणि बडवणं माझं. भाकरी आईच्या, कारण कळण्याची भाकरी थापणं माझ्या हाताबाहेर आहे. बायको म्हणाली, 'मी त्या दिवशी पाहुणी.' मान्य केलंय.

चुलीपुढची

मग ठीक. आईंना मात्र दहा-बारा माणसांच्या भाकऱ्या एकटीने करायला लावू नका. पुऱ्याही ठेवा. भरीत-पुरी तुमच्याकडे चालतेच की.

सिंहगडरोड_सिंधू

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये भाजणार कशावर? गच्चीत काड्या पेटवल्या तर सोसायटीचा ग्रुप दोन मिनिटांत पेटेल. आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी एकांनी हुरडा पार्टी केली, त्यावरची चर्चा अजून थांबलेली नाही.

बडगीवाला

गच्चीत कोळशाची शेगडी नेणार, चेअरमनना आधी सांगून. त्यांना एक वाटी पोचवली की परवानगी मिळते असा अनुभव आहे. गॅसवर जाळी ठेवूनही होतं, पण गॅसवरच्या वांग्याला तो वास नाही. शेगडीवर काड्यांइतका येत नाही, तरी बराच येतो.

वांगी मात्र जळगावचीच हवीत. चुलतभाऊ रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल टाकतो, सकाळी पुण्यात. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं आसोदा ही नावं भरताच्या वांग्यांसाठी घेतली जातात. मोठी, फिकट हिरवी, बिया कमी, भाजल्यावर आतून लोण्यासारखी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. पुण्याच्या मंडईतलं जांभळं वांगं घेऊन केलं तर ते भरीत होतं, पण मी त्याला भरीत म्हणणार नाही.

रंकाळाकाठ

तुझ्या पानातला आजऱ्याचा घनसाळपण मानांकनवालाच आहे बरं का. म्हणजे सामना बरोबरीचा.

जुनाच_सभासद

धागा विषयाला धरून चाललाय म्हणून एक राहिलेली गोष्ट. मार्गशीर्ष येतोय. त्यांच्या घरात मार्गशीर्षातले गुरुवार असतील तर गुरुवार तर सोडाच, काही घरांत महिनाभर मांसाहार बंद असतो. अशा महिन्यात शाकाहारी जेवणाचं आमंत्रण म्हणजे त्यांची सोयच.

पण वांग्याचं काय? चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी सोडणारी घरं अजून आहेत. काही घरांत आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून जे सोडतात ते थेट चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच खातात. काका-काकू पाळत असतील तर त्याआधी बोलावून उपयोग नाही. चंपाषष्ठीनंतरचा पहिला शनिवार धरा, आणि त्या दिवशी एकादशी नाही ना ते कॅलेंडरात बघून घ्या.

बडगीवाला

हे आमच्या आईच्या तोंडचंच आहे. ती स्वतः चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाही. तिला तारीख सांगितली तर म्हणाली, 'बरं झालं, आता नीट खाता येईन. पन वांगे आवडतीन ना त्याहिले?'

म्युनिककर

इकडची गंमत. इथले जर्मन सहकारी जेवायला येतात तेव्हा तारीख महिना-दीड महिना आधी ठरते आणि सातला बोलावलं की सातला बेल वाजते. येताना काहीतरी हातात, दुसऱ्या दिवशी आभाराचा मेसेज, आणि पुढे कधीतरी आपल्याला बोलावणं हेही बहुतेक ठरलेलं. सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं. आता इथल्या मराठी मंडळींचं 'भेटू रे, ये रे' ऐकतो तेव्हा जास्त कोरडं वाटतं, कारण त्यातून जेवण काही निघत नाही. आमच्या ग्रुपात शेवटी सगळं 'प्रत्येकाने एकेक पदार्थ आणा' वर येऊन थांबलंय. सोय म्हणून ठीक. पण कुणी एकाने दिवसभर आपल्यासाठी पातेल्यापाशी उभं राहणं, ते त्यात नाही.

हिशोबनीस

बरं, मी थोडा माघार घेतो. पण मग थाटमाट नको. सात भाज्या, तीन गोडं, असं केलंत तर पुढच्या वेळी ते नऊ करतील आणि बायका-माणसं दोन्हीकडे मरतील.

चुलीपुढची

यावर मात्र माझं अनुमोदन. मेन्यू टाका इथे, आम्ही कापतो.

बडगीवाला

मनात आहे तो असा: भरीत, कळण्याची भाकरी, पुऱ्या, ठेचा, कांदा-मुळा, फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढी, शेवभाजी, डुबुकवडे (रश्शात सोडलेले बेसनाचे वडे), वरण-बट्टी, तळलेले बिबडे (ज्वारीचे पापड), गोडाला शेवयांची खीर आणि जिलबी.

चुलीपुढची

वरण-बट्टी काढा, तो स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. डुबुकवडे काढा. शेवभाजी आणि फुनके-कढी यांतलं एकच. जिलबी बाहेरून आणणार असाल तर ठेवा, मग खीर नको.

रंकाळाकाठ

शेवभाजी ठेव, फुनके पुढच्या वेळी. आम्हा लोकांना पानात एकतरी रस्सा दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. आणि तुमचा काळा मसाला काकांना चाखू दे. आमची चटणी त्यांनी तुला दिलीच आहे, त्यात कांदा-लसूण असतं, तुमच्यात भाजलेलं खोबरं आणि खडा मसाला जास्त. यावर ते तासभर बोलतील, गॅरंटी.

चारुमावशी

त्यांच्यात कुणाला तिखट चालत नसेल तर भरताचा थोडा भाग मिरची घालण्याआधी बाजूला काढून ठेव. काकांना साखर असेल तर जिलबीचा आग्रह नको. आग्रह भाकरीचा कर, लोणी लावून.

बडगीवाला

अपडेट.

काल काकांशी बोललो. अळणीचं सांगितलं तर एवढे खूश झाले की कृतीच सांगत बसले, बायकोने वहीत उतरवून घेतली. मग वडील बोलले. दोघांचं बोलणं मटणावरून सुरू झालं ते ऊस आणि केळीच्या भावांवर जाऊन थांबलं. आमंत्रण द्यायचं राहूनच गेलं म्हणून वडिलांनी पुन्हा फोन लावला.

नंतर मित्राला हा मेसेज टाकला:

'काकांचा तांबडा दुसऱ्या दिवशी आणखी मुरला होता, डबा पुसून खाल्ला. आईला तुम्ही वेगळं रांधलंत ते ती सगळ्यांना सांगत सुटलीय. आता चंपाषष्ठीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. जळगावची वांगी मागवलीत, भरीत मी गच्चीत भाजणार आहे. लवकर आलास तर बडवायला तुलाही लावीन. कुणाचा उपवास, काही वर्ज्य असेल तर आजच सांग. डबा तेव्हाच परत मिळेल, भरून.'

उत्तर आलं: 'येतोय. सहा वाजता येतो बडवायला. बाबा विचारतायत, भरतात शेंगदाणे घालतात का?'

चारुमावशी

आता कसं बोललास!

जुनाच_सभासद

शेंगदाण्यांचं उत्तर काय दिलंत? कारण आमच्या भुसावळच्या आत्याकडे फोडणीत अख्खे शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप दोन्ही असतात.

बडगीवाला

दोन्ही असतात. हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप परतून, मग बडवलेलं वांगं, भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही. तेल सढळ. माणशी पाव किलोच्या वर कच्चं वांगं धरायचं, भाजल्यावर बरंच आटतं.

रावेरचा_केळीवाला

शेंगदाणे?? आमच्याकडे कच्चं भरीत करतात, बिनफोडणीचं. वर कच्चं तेल, बस. शेंगदाणे लग्नाच्या पंगतीतल्या भरतात.

बडगीवाला

कच्चंही करणार आहे थोडं, आईला तेच आवडतं. पण पाहुण्यांना फोडणीचंच.

सिंहगडरोड_सिंधू

कळण्याच्या पिठाचं प्रमाण कुणी सांगेल का? पुण्यात तयार मिळतं, पण त्यात उडीद नावालाच असतो.

रावेरचा_केळीवाला

चार वाट्या ज्वारीला एक वाटी काळे उडीद सालासकट, आणि खडेमीठ दळतानाच घालायचं. गिरणीवाल्याला सांगा, गव्हावर दळू नको.

बडगीवाला

आमच्या घरी उडीद याहून जास्त. आईला विचारून उद्या नक्की लिहितो, आता ती काकूंशी फोनवर आहे.